‘नेहमीची टाका’ म्हणू नका

दिवाळीच्या आधीचे दिवस असोत की लग्नसराई, माझ्या काउंटरवर रोज तेच बोलणं होतं. गिऱ्हाईक पिशवीतून पीस काढतं, शिलाई विचारतं, तारीख विचारतं, खिसा एक ठेवायचा की दोन यावर सोबतच्या भावाशी दोन मिनिटं घालवतं. मी मापं घेतो, वहीत लिहितो आणि शेवटी विचारतो, “कॉलर कोन्ती टाकू? कफ कसा पाह्यजे?”

“टाका नं जी नेहमीची.”

ही नेहमीची म्हणजे कोणाची, ते आज सांगतो. ती माझी नेहमीची. भिंतीवरच्या खिळ्याला पुठ्ठ्याचा एक फर्मा अडकवलेला असतो. तुम्ही काही बोलला नाहीत की मी तो काढतो, कापडावर ठेवतो, खडू फिरवतो. मानेला आखूड माणूस असो की उंच, वकील असो की शाळामास्तर, सगळ्यांच्या गळ्यात तोच फर्मा. यवतमाळात सव्वीस वर्षं कात्री चालवतोय, म्हणून हे खात्रीने सांगतो: बिघडलेले म्हणून परत येतात त्यातले बरेचसे शर्ट छातीला किंवा पोटाला बिघडलेले नसतात. ते गळ्याला आणि मनगटाला बिघडलेले असतात. आणि ती दोन ठिकाणं आम्ही तुम्हाला विचारलेली असतात.

शर्टाचा अर्धा भाग पँटीत जातो, पाठ तुम्हाला दिसत नाही. समोरच्या माणसाला दिसते ती कॉलर, आणि चहाचा कप उचलला, सही केली, नमस्कार केला की कफ. एवढ्यासाठी तरी दोन मिनिटं द्या, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कॉलर निवडायला बसलं की लोक मोबाइलवर चित्रं काढून दाखवतात. अरुंद टोकांची, पसरट, टोकांना बटणं असलेली, गोल टोकांची, चायनीज. चित्रं चांगली असतात, पण त्यातली बहुतेक टाय बांधलेल्या गळ्यावर काढलेली असतात. आपल्याकडे टाय किती जण बांधतात? औषध कंपन्यांचे एमआर, बँकेतली काही नवी मुलं, रिसेप्शनच्या दिवशी नवरदेव. बाकी आपण सगळे वरचं बटण उघडं ठेवून फिरणारी माणसं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा दुसरं काही शक्यही नाही. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: आपली कॉलर उघड्या गळ्याची आहे. तिची परीक्षा बटण लावून घ्यायची नसते, उघडं ठेवून घ्यायची असते.

बटण उघडलं की कॉलरच्या आतला आधार जातो. मग दोन्ही पानं हळूहळू खांद्याकडे निजतात, दुपारपर्यंत टोकं आत वळतात, आणि सकाळी इस्त्री केलेला शर्ट तीन दिवसांचा वाटतो. याला इलाज तीन आहेत. गळ्याभोवती उभी राहते ती पट्टी, आम्ही तिला स्टँड म्हणतो, तिच्यात चांगलं बकरम हवं. वरच्या पानात मऊ चाललं तरी स्टँडमध्ये तडजोड नको. दुसरं, काजपट्टी नुसती दुमडलेली न ठेवता तिच्यातही पातळ बकरम घालायला सांगा, म्हणजे उघडी बाजू सरळ उभी राहते. तिसरी गोष्ट फार कमी जण विचारतात: गळ्याच्या बटणापासून खालचं बटण किती अंतरावर? आम्ही सवयीने साडेतीन इंचांवर लावून मोकळे होतो. तेवढं अंतर ठेवलं की बटण उघडल्यावर बनियन दिसतो. तीन इंच सांगा. गळा लांब असेल तर सव्वातीन. या एका बटणाने शर्टाचा सगळा चेहरा बदलतो आणि त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

टोकांना बटणं असलेली कॉलर, बटण-डाउन, उघड्या गळ्यासाठी सगळ्यात सोयीची. इंग्लंडात पोलो खेळताना घोड्यावर कॉलर तोंडावर उडू नये म्हणून खेळाडू टोकं बटणांनी बांधत, आणि ते पाहून अमेरिकेतल्या ब्रूक्स ब्रदर्सने तशी कॉलर विकायला काढली, असं सांगतात. आपल्याकडे घोडा नसला तरी दुचाकी आहे. दारव्हा रोडने रोज अप-डाउन करणाऱ्या माणसाला ही कॉलर मी डोळे झाकून सुचवतो. फक्त तिच्यावर कोट घालून समारंभात जाऊ नका. ती रोजच्या कामाची आहे.

आता चेहऱ्याबद्दल. गोल चेहऱ्याला खाली झुकलेली लांब टोकं, लांबट चेहऱ्याला पसरट कॉलर, हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो आणि तो खोटा नाही. पण माझं मत असं की चेहऱ्याच्या आधी मान पाहा. मान आखूड आणि खांदे भरलेले असतील तर स्टँड पुढे एक इंच, मागे सव्वा इंच पुरे. त्याच माणसाला फर्म्यातला मागे दीड इंचाचा स्टँड लावला की हनुवटी कॉलरमध्ये बुडते आणि फोटोत मानच दिसत नाही. उंच, बारीक मानेला मात्र मागे दीड-पावणेदोन इंच लागतो, नाहीतर कॉलर गळ्यात घातलेल्या कड्यासारखी सैल लोंबते. टोकांची लांबी अडीच ते तीन इंचांच्या आत ठेवा. काही काही वर्षांनी फॅशन लांब टोकांकडे जाते आणि परत येते; मधल्या मापाची कॉलर जुनी दिसत नाही.

गळ्याचं माप देताना श्वास रोखू नका आणि मान वर ताणू नका. टेप कंठाच्या खाली बसली पाहिजे आणि तिच्या आत दोन बोटं गेली पाहिजेत. “बटन तर लावतच नाही मी,” म्हणून गळा कितीही चालेल असं समजू नका. गळा मोठा झाला की कॉलर मागे सरकते आणि समोर व्ही आकाराचं भगदाड पडतं. आणि कधीतरी बटण लावायची वेळ येतेच.

यवतमाळच्या वकिलांवर ती वेळ रोज येते. लोकनायक बापूजी अण्यांनी जिथे वकिली केली, ते हे गाव. इथे काळ्या कोटाची गिऱ्हाइकं पहिल्यापासून आहेत. बार कौन्सिलच्या नियमात पांढरा शर्ट आणि पांढरी कॉलर सांगितली आहे, कडक किंवा मऊ, दोन्ही चालते. उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नसते. म्हणजे मे महिन्यात जिल्हा न्यायालयात कोटाविना शर्टच दिसणार, वर गळ्याला पांढरे बँड. नव्या वकिलांना मी सांगतो: पसरट कॉलर घेऊ नका, बँडची पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. टोकं खाली झुकलेली असू द्या, गळा पाव इंच सैल ठेवा, आणि पांढऱ्या शर्टांचा एक तरी जोड पूर्ण सुती शिवा. दिवसभर गळा बंद ठेवून उभं राहायचं आहे. टेरीकॉटमध्ये ते हाल होतात.

सुती म्हटलं की आटण्याचा प्रश्न येतो. आपला जिल्हा कापसाचा. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू होते, पहिला कापूस विकला की घरात कपडे येतात, अजूनही. शकुंतला रेल्वे टाकली गेली तीही कापूस वाहून न्यायला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. तरीही सुती कापड शिवायला टाकण्याआधी भिजवायचं असतं हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. हिशेब साधा आहे. कापड शंभरात तीन आटलं तर साडेपंधराचा गळा पंधरावर येतो. म्हणून शिवायला टाकण्याआधी पीस रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, मग आणा. आणि टेलरमास्तरांना विचारा, “बकरम भिजवलेलं आहे का?” कापड आटलेलं आणि बकरम कोरं, किंवा उलट, असं झालं की पहिल्या धुण्यात कॉलरवर सुरकुत्या पडतात आणि त्या कुठल्याच इस्त्रीने जात नाहीत. इस्त्रीने चिकटवायचं बकरम हलकं असेल तर कॉलरवर बारीक फुगे येतात. तो दोष कापडाचा नसतो, तुमच्या धुण्याचाही नसतो. तसा शर्ट आला तर बिनधास्त परत घेऊन जा.

आता मनगटाकडे येतो. इथे मला एक प्रसंग सांगायचाच आहे.

आर्णीकडचे एक काका होते. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर. मुलाने त्यांच्यासाठी नागपूरहून चांगला तयार शर्ट आणला होता, ४२ नंबर. छातीला बरोबर, खांद्याला बरोबर. काका तो घालून माझ्याकडे आले ते बाह्या कोपरापर्यंत दुमडून. मला वाटलं, उकाड्याने. “याचे बटनं लागत नाहीत मास्तर,” ते म्हणाले. मी बाही सोडली, कफ ओढून पाहिला; काज आणि बटण यांच्यात बोटभर अंतर. मनगटाला टेप लावली. पावणेआठ इंच. चाळीस वर्षं वखर आणि डवरा धरलेला हात तो. शर्ट बनवणाऱ्याने छातीवरून मनगटाचा अंदाज बांधला होता, आणि असं मनगट त्याच्या अंदाजात बसत नव्हतं. कन्यादानाला बाह्या वर करून बसायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. म्हणाले, “चालते, कोन पाह्यते.”

मी त्यांच्यासाठी नवा शर्ट शिवला. बटण लावल्यावर कफ सव्वानऊ इंच, रुंदी अडीच इंच, कोपरे गोल, बाहीच्या टोकाला दोन चुण्या. लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रायलला आले तेव्हा त्यांनी दोन्ही बटणं स्वतः लावली आणि हात समोर धरून बराच वेळ पाहत राहिले. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या दोन्ही मनगटांचं माप घेतो. तुमचे मास्तर घेत नसतील तर तुम्ही हात पुढे करा.

दोन्ही मनगटांचं का, तर घड्याळ. रोज घड्याळ बांधता तो हात घड्याळासकट मोजून घ्या. पट्टा जाड असेल तर त्या बाजूचा कफ अर्धा इंच सैल लागतो. नाहीतर दर वेळी वेळ पाहायला कफ वर सरकवावा लागतो आणि दोन महिन्यांत घड्याळाच्या कडेने तो कातरला जातो. बाहीची लांबी हात कोपरात थोडा वाकवून मोजायची. सरळ लोंबत्या हातावर घेतलेलं माप गाडीचं हँडल धरलं की एक-दीड इंच कमी पडतं. कफ मनगटाचं हाड झाकून अंगठ्याच्या मुळाशी थांबला पाहिजे. कोट घालणार असाल तर कोटाच्या बाहेर अर्धा इंच दिसू द्या.

कफाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण रोजच्या माणसाने एका बटणाचा, गोल कोपऱ्याचा कफ घ्यावा. चौकोनी कोपरा आणि तिरपा कापलेला कोपरा नवा असताना सुरेख दिसतो, पण टेबलाच्या कडेला घासून आधी तोच विरतो. एकाच ओळीत शेजारी-शेजारी दोन बटणं लावली तर कफ सैल-घट्ट करता येतो. ज्यांचं वजन वर-खाली होतं त्यांनी हे सांगावं. शिक्षक, ग्रामसेवक, दुकानदार, म्हणजे जे दिवसातून चार वेळा बाह्या दुमडतात, त्यांनी कफाची रुंदी सव्वादोन इंच ठेवावी आणि आत मऊ बकरम सांगावं. कडक कफ दुमडला की त्याला कायमची मोड पडते. आणि बाहीला कफाच्या वर जी चीर असते तिच्या मधोमध एक छोटं बटण मागून घ्या. ते नसलं की हात पुढे केला की चीर फाकते आणि आतला हात दिसतो. आम्ही काम वाचवायला ते सोडतो, हे मी कबूल करतो.

नवरदेवांना फ्रेंच कफ हवे असतात, दुहेरी दुमडलेले, कफलिंकवाले. जरूर घ्या, लग्न एकदा होतं. मात्र कफाला दुप्पट कापड लागतं, हे पीस घेतानाच दुकानदाराला सांगा. मोठ्या पन्ह्यात पूर्ण बाहीचा शर्ट साधारण एक मीटर साठमध्ये बसतो. फ्रेंच कफाला पंधरा-वीस सेंटीमीटर वाढवून घ्या. आहेरात आलेले पीस बहुतेक वेळा नेमके किंवा थोडे तोकडेच असतात, त्यांच्यावर हा हट्ट धरू नका. आणि लग्नानंतर तो शर्ट कपाटात पडून राहू नये असं वाटत असेल, तर कफाला काजासोबत एक बटणही लावून द्यायला सांगा. मग तोच कफ साधा म्हणूनही वापरता येतो.

अलीकडे लग्नात शर्टावर बंद गळ्याचं जाकीट घालायची पद्धत आली आहे. जाकिटाचाही गळा उभा आणि शर्टाचाही कडक उभा, असं झालं की दोन्ही एकमेकांना ढकलतात आणि मानेवर घामोळं येतं. जाकिटाखाली घालायचा शर्ट असेल तर मऊ चायनीज गळा घ्या किंवा अगदी लहान, मऊ कॉलर. पांढरीशुभ्र कॉलर आणि अंग रंगीत, असा दुरंगी शर्ट हल्ली तरुणांना आवडतो. उन्हाळ्यातल्या लग्नासाठी मी तो सुचवत नाही. घामाची पिवळी रेघ पहिल्याच दिवशी दिसते. टोकांच्या आत प्लास्टिकची पट्टी सरकवायची सोय असलेली कॉलर शिवलीत तर धुण्याआधी आणि इस्त्रीआधी ती पट्टी काढायची सवय घरात सगळ्यांना लावा. विसरलात की तिचा ठसा कापडावर कायमचा उमटतो.

हाफ शर्टवाल्यांना कफाची चिंता नाही. त्यांनी कॉलर मऊ घ्यावी, एवढंच.

आणखी एक मागणं मागा, ते मात्र विसरू नका: उरलेलं कापड. शर्टात सगळ्यात आधी मरते ती कॉलर, मग कफ. अंग दोन वर्षं आणखी चाललं असतं, पण मानेपाशी दाढीचे खुंट घासून घासून पान विरतं आणि शर्ट पुसायला जातो. आमच्या वडिलांच्या काळी कॉलर उलटवून घ्यायची पद्धत होती. स्टँडची शिलाई उसवायची, पान फिरवायचं, खालची न वापरलेली बाजू वर आणायची, परत शिवायची. तासाभराचं काम. परदेशात तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कॉलर आणि कफ सुटेच असत, गुंडीने शर्टाला अडकवायचे आणि तेवढेच धुवायचे. आजही कॉलर उलटवून देणारे मास्तर यवतमाळात आहेत, पुसद-वणीलाही सापडतील. आणि तुमच्याकडे त्याच शर्टाचा वीतभर रुंद तुकडा असेल, तर नवी कॉलर, नवे कफ बसतात. तो तुकडा शर्टासोबत धुवत चला, म्हणजे रंगही सोबतच उतरतो. कपाटात कोरा ठेवलेला तुकडा नंतर वेगळा दिसतो.

हे सगळं सांगायला तुम्हाला शब्द माहीत असायची गरज नाही. तुमच्या अंगाला बसणारा, आवडता जुना शर्ट घालून दुकानात या. म्हणा, कॉलर अशीच, पण स्टँड पाव इंच कमी. कफ असाच, पण डाव्या हाताला सैल. मास्तरांनी ते वहीत लिहिलं का, ते पाहा. मापाच्या आकड्यांपुढे ‘बटण-डाउन, स्टँड मागे सव्वा, बटण तीनवर, कफ गोल’ एवढी ओळ असली की कटिंग कुणीही करो, शर्ट तुमचाच होतो. नुसतं “ध्यानात आहे” म्हणाले तर ऐकू नका. गर्दीत आमच्या ध्यानात काही राहत नाही.

ट्रायलला कॉलर आणि कफ टाचून पाहायला मागा. खुर्चीवर बसा, वरचं बटण उघडा, आरशात पाहा. हात गाडीच्या हँडलवर धरल्यासारखे पुढे करा. मान डावीकडे-उजवीकडे फिरवा. कॉलर मानेसोबत फिरत असेल तर ती घट्ट आहे. त्या वेळी उसवायला पाच मिनिटं लागतात, काजं पडल्यावर नाही.

आणि हे दसऱ्याच्या आत करा. पोळा झाला की आमच्याकडे हात थोडे मोकळे असतात. दिवाळीच्या आठवड्यात याल तर मीसुद्धा भिंतीवरचा फर्माच काढीन.